पुडी आणि पथ्य

दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. बाटली रिकामी झाली की पेशंट ती विसळून परत भरायला आणतो. किस्सा मात्र एकदा घरात शिरला की मुक्कामालाच राहतो. सोलापूरच्या एका मिलच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. किती मिक्स्चरं ढवळली आणि किती पुड्या बांधल्या, देव जाणे. पण चार माणसं जमली आणि कुणी म्हणालं, "तुमच्या त्या डॉक्टरांचं काहीतरी सांगा ना," की माझी गाडी सुटलीच! मग आतून आमच्या मंडळींचा आवाज येतो, "पानं वाढू, की अजून किस्सेच वाढायचे आहेत?"

तर वाढतोच थोडे.

दवाखान्यात आम्ही माणसं तीन. डॉक्टर सबनीस, मी आणि गंगूमावशी. डॉक्टर मुंबईला शिकून नवेनवे आलेले, उंच, किडकिडीत, आणि मनानं इतके हळवे की इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी त्यांचेच डोळे मिटायचे. गंगूमावशी जवळच्या वळसंग गावची. कागदोपत्री ती आया होती, पण बायकांची रांग, डॉक्टरांचं टेबल आणि माझी अब्रू हे सगळं तिच्याच ताब्यात असायचं. मिलच्या चाळींतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली.

डॉक्टरांना एक वेड होतं. नाडी बघायच्या आधी ते विचारायचे, काल दिवसभरात काय काय खाल्लंत? दुखतंय डोकं आणि हा बाबा विचारतोय जेवण! पहिले काही दिवस लोकांना वाटलं, हे डॉक्टर नसून कुणाच्या तरी लग्नाचे आचारी असावेत.

* * *

सुरुवात झाली ती पथ्यापासून.

साचेखात्यातला, म्हणजे मागांच्या खात्यातला मुकादम भानुदास पोट दुखतं म्हणून आला. डॉक्टरांनी तपासलं, मी मिक्स्चर दिलं, बाटलीला मात्रेच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवली. या पट्ट्या कातरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात नव्हता, हे जाता जाता सांगून ठेवतो. भानुदास मात्र जागचा हलेना.

"पथ्य?" त्यानं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, पथ्य काही नाही, सगळं खा.

भानुदासनं एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी बाटली जशीच्या तशी परत! आमच्याकडे औषध देणारा वैद्य असो नाहीतर देवऋषी, पथ्य सांगायचंच. तेल बंद, तिखट बंद, आंबट बंद, वांग्याचं तर नावही काढायचं नाही. पथ्य जितकं कडक तितकं औषध जालीम, अशी सगळ्यांची समजूत. भानुदास बाटली टेबलावर ठेवून म्हणाला, "डागदरसाब, ज्याला पथ्य न्हाय ते औषध कसलं? पाणीच की ते."

डॉक्टरांचा चेहरा पडला. गंगूमावशी फरशी पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बराबर बोलतोय त्यो. माणूस एक डाव औषध इसरंल, पर पथ्य न्हाय मोडायचा."

डॉक्टर खुर्चीतून उठले. मग त्यांनी भानुदासला परत खुर्चीवर बसवलं, दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात पथ्य सांगितलं. हॉटेलातला चहा आणि भजी महिनाभर बंद. रोज कामावर येण्याआधी ज्वारीची ताजी भाकरी, वाटीभर ताक, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. एक दिवस जरी चुकला तर औषध उलटेल, मग जबाबदारी माझी नाही!

महिन्याभरात भानुदासचा सदरा त्याला घट्ट व्हायला लागला. मिक्स्चर त्यानं दोनदाच घेतलं होतं, कडू लागलं म्हणून. पथ्य एकदाही मोडलं नाही. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात पथ्य म्हणजे काय खायचं नाही याची यादी राहिली नाही. काय खायचं, याची झाली.

* * *

मिलच्या ऑफिसात रंगनाथराव म्हणून एक हेडक्लार्क होते. पुण्याहून आलेले. आमच्याकडे दोन्ही वेळेला पोळी लागते, हे वाक्य ते "नमस्कार"च्या जागी वापरायचे. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पोळी-बटाटा, संध्याकाळी डबलरोटी, रात्री परत पोळी-बटाटा. त्यामुळे पोट असं तुंबलं की सकाळी तासभर ते कुणालाच भेटत नसत.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, ज्वारीची भाकरी आणि मोड आलेली मटकी. रंगनाथराव खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळले. भाकरी खायला त्यांची ना नव्हती, अडचण वेगळीच होती. मिलच्या क्वार्टर्सच्या भिंती पातळ. पोळी मुकाट्यानं लाटता येते, पण भाकरी थापली की थप थप आवाज तीन घरं पलीकडे जातो. शेजारी दत्तोपंत राहायचे, तेही ऑफिसातलेच. त्यांनी ऐकलं तर काय म्हणतील?

यावर उपाय रंगनाथरावांनीच काढला. मिलचा भोंगा वाजायला लागला की त्यांच्या मंडळींनी भाकरी थापायला घ्यायची. भोंग्याच्या आवाजात तोफ उडाली तरी कळत नाही, तिथे भाकरीचं काय! पण आठवड्याभरात ते तक्रार घेऊन हजर. एका भोंग्यात एकच भाकरी होते म्हणे.

"दिवसात भोंगे किती होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार."

"मग चार भाकऱ्या झाल्या. आणखी किती हव्यात?"

रंगनाथरावांचं पोट सुधारलं. ते सकाळी माणसात दिसायला लागले. दोनेक महिन्यांनी एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बायकांच्या रांगेतून आल्या. बाकी सगळं ठीक आहे, म्हणाल्या, फक्त एक विचारायचं होतं. मिलला सुट्टी असली की भोंगा होत नाही, त्या दिवशी भाकरीचं काय करायचं?

मी म्हटलं, वहिनी, रंगनाथरावांना सांगा की सुट्टीच्या दिवशी कण्या खाल्ल्या तरी चालतील.

बाई गोंधळल्या. त्या रंगनाथरावांच्या कुणी नव्हत्या. त्या दत्तोपंतांच्या मंडळी होत्या.

* * *

आता लक्ष्मव्वाचं सांगतो. हा किस्सा एका दमात संपणारा नाही, मधूनमधून येत राहील.

शहरातल्या तेलुगू विणकरांपैकी एक घर आमच्या मिलमध्ये कामाला होतं. घरात सासरा, चार मुलगे, सासू राजव्वा आणि थोरल्या नरसय्याची बायको लक्ष्मव्वा. सून एकोणीस-वीस वर्षांची. एकदा बायकांच्या रांगेत उभी असताना ती खाली कोसळली. तिला उचलताना गंगूमावशी म्हणाली की वल्ल्या लुगड्याएवढं बी वजन न्हाय.

दोनदा दिवस राहून दोनदा पोट पडलं होतं. आता तिसऱ्या वेळेला चौथा महिना चालू होता. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, आतून पांढरीफटक. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, काल काय खाल्लंस? लक्ष्मव्वा जमिनीकडे बघत राहिली. उत्तर राजव्वानं दिलं. राजव्वा म्हणजे काळी, काटक, कपाळाला मोठं कुंकू आणि आवाज असा की तिच्या घरात भोंग्याची गरज नव्हती. "खाती की. आमच्या घरात खायाला काय कमी हाय?" ती म्हणाली.

कमी काहीच नव्हतं. गंगूमावशीनं दोन दिवसांत चाळीतून सगळी बातमी काढली. आधी पाच पुरुष जेवायचे. उपाशी मिलमध्ये जाणार कसे, म्हणून पोटभर जेवायचे. मग भांड्यात जे राहील ते बायकांचं. बहुतेक वेळा राहायची ती भाताची पेज आणि लोणच्याचा खार. यात कुणाला दुष्टपणा वाटत नव्हता. सगळ्या घरांत तसंच चालायचं, तुमच्या-आमच्याही.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, हे असंच चाललं तर या वेळेला नुसतं मूल जाणार नाही, ही पोरगीही जाईल. लोहाची बाटली माझ्याकडे आहे, पण रिकाम्या पोटात ती ओकून टाकील. तिच्या पोटात आधी अन्न गेलं पाहिजे. पण घरी जाऊन सुनेला आधी जेवायला वाढा म्हटलं, तर ऐकणार कोण?

गंगूमावशी दारात उभी होती. तिनं फक्त एवढंच विचारलं की पथ्य काय सांगायचं.

त्या दुपारी मी खलात साखर बारीक कुटली, त्यात चिमूटभर सोडा घातला आणि आठवड्याच्या चौदा पुड्या बांधल्या. अशा सुबक पुड्या मी परत कधी बांधल्या नाहीत. पुडीत काय आहे ते आम्हा तिघांनाच ठाऊक. बरोबर डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, ठसठशीत अक्षरात. पुडी दिवसातून दोनदा. पुडीच्या आधी चुलीवरची पहिली भाकरी, गरम, डाळ आणि पालेभाजीबरोबर, बसून, पोटभर. घरातल्या कुठल्याही पुरुषानं जेवायच्या आधी. यात चूक झाल्यास पुडी उलटेल.

राजव्वाला वाचता येत नव्हतं. तिनं चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली. मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडून वाचून घेतली. मग शाळेतल्या मास्तरांकडून. तिघांनीही तेच वाचलं तेव्हा ती घरी गेली.

* * *

याच सुमारास डॉक्टरांच्या मनात आलं की नुसतं सांगून भागत नाही, करून दाखवलं पाहिजे. दवाखान्याच्या मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि गंगूमावशीनं हंडाभर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं शिजवलं. लसूण, जिरं, वरून गुळाचा खडा. अशक्त पेशंटला एकेक वाटी द्यायची आणि घरी कसं करायचं ते सांगायचं, असा बेत होता.

पहिल्या दिवशी अशक्तपणाचे पेशंट निघाले सात. दुसऱ्या दिवशी चाळीस! तिसऱ्या दिवशी तालमीतले दोन पैलवान आले, एकेकाची मांडी माझ्या कमरेएवढी. काय होतंय म्हणून विचारलं तर म्हणाले, उभं राहवत नाही. गंगूमावशी म्हणाली, मग बसा. बसले आणि दोन-दोन वाट्या पिऊन गेले.

शेवटी गोष्ट मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेली. दवाखान्यातून फोडणीचा वास येतो, हा काय प्रकार आहे, असं म्हणत ते स्वतः आले. डॉक्टर घाबरून इंग्रजीत समजावून सांगायला लागले. गंगूमावशीला इंग्रजी येत नव्हतं. तिनं साहेबांच्या हातात वाटी दिली. साहेबांनी ती उभ्याउभ्या प्यायली, मिशा पुसल्या आणि तडक निघून गेले. आता चूल उठणार असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा पट्टेवाला तांब्या घेऊन आला. साहेबांना आज जरा अशक्तपणा वाटतोय म्हणाला.

* * *

इकडे पंधरा दिवसांनी नरसय्या आला, लक्ष्मव्वाचा नवरा. गडी भला होता, पण तोंड आंबट करून बसला. म्हणाला, साहेब, त्या पुडीचा टाइम बदला.

डॉक्टरांनी कारण विचारलं. "ती जेवती, आन् आमी पाच बाप्ये भिंतीला टेकून बगत बसतो. आई मदी पळी घिऊन बसती. काल धाकट्यानं भाकरीला हात लावला तर बोटावर हानली की. परवा बा तसाच कामावर गेला, म्हनला, हितं बसून वास घेन्यापरास मिल बरी."

डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की टाइम माझ्या हातात नाही, पुडीचा गुणच तसा आहे. मग हळूच विचारलं, तिची तब्येत कशी आहे? नरसय्या लाजला. म्हणाला, गालावर जरा रंग आलाय. बरी दिसती. तो गेल्यावर डॉक्टरांनी मला टाळी दिली, आणि लोहाची बाटली सुरू करायला सांगितली.

सातव्या महिन्यातली गोष्ट. भर दुपारी टांगा दाराशी थांबला. आत लक्ष्मव्वा घामानं भिजलेली, पोट धरून कण्हत होती. शेजारी राजव्वा, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. आधीची दोन पोटं याच सुमाराला पडली होती. डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं. मी कापूस काढला तो सगळा जमिनीवर सांडला. गंगूमावशीनं पोटावर हात फिरवला, वर दाबून पाहिलं, खाली दाबून पाहिलं, आणि राजव्वाकडे वळून तिनं विचारलं, "भाकरी किती घातली हिला?"

"चार," राजव्वा म्हणाली. "एका भाकरीनं एवडं रगत आलं, मंग चारानं चौपट येनार न्हाय का? दिवस थोडं ऱ्हायल्यात."

नुसतं अपचन! डॉक्टर स्टुलावर बसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग राजव्वाला ते असे ओरडले की रांगेतली पोरं रडायला लागली. चिठ्ठीवर नवी ओळ चढली, दीड भाकरी, वर एक घासही नाही. ती ओळसुद्धा राजव्वानं तिघांकडून वाचून घेतली.

* * *

डॉक्टर सगळ्यांना शेपूची भाजी खायला सांगायचे. पोटाला चांगली, बाळंतिणीला चांगली, वाताला चांगली. शेपूचे गुण सांगताना त्यांना कीर्तनकाराचा सूर लागायचा. आणि स्वतःला तिचा वास सहन व्हायचा नाही. ब्रह्मचारी माणूस, खानावळीत जेवायचा. शेपू असली की ताट सरकवून सात रस्ता चौकातल्या हॉटेलात चहा प्यायला जायचा. मला हे माहीत होतं, कारण तिथं भजी खायला मी आधीच बसलेला असायचो.

कसं कोण जाणे, गंगूमावशीला कळलं. एका सकाळी रांग भरलेली असताना तिनं डॉक्टरांच्या टेबलावर डबा उघडला. भाकरी आणि शेपू. "सकाळधरनं काय खाल्लं न्हाय तुमी," ती मोठ्यानं म्हणाली. तीसेक बायका बघायला लागल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी औषधाच्या कपाटात तोंड घातलं. त्यांनी सगळी भाजी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी अधूनमधून "वा" म्हणत होते.

रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बग गं. बिनआईचं लेकरू. घरच्या जेवनानं डोळ्यात पानी आलं."

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर तीन-तीन डबे यायला लागले. सगळे शेपूचे!

* * *

लक्ष्मव्वाला आठवा लागला आणि नवाच पेच पडला. तिचे सोमवार असायचे, कडकडीत. त्यात त्या महिन्यात ग्रहण आलं. राजव्वा चिठ्ठी घेऊन आली. एकीकडे चिठ्ठी म्हणते एक दिवस चुकवायचा नाही, दुसरीकडे देव म्हणतो सोमवारी खायचं नाही, आणि ग्रहणात तर पाण्याचा थेंबही नाही. आतापर्यंत तिनं सोमवारी दूध-केळी देऊन वेळ मारून नेली होती, पण ग्रहणाला कसं करायचं? पथ्य मोडलं तर पोरगी जाईल, उपास मोडला तर देव कोपेल. बाई खरंच घाबरली होती.

डॉक्टर देवाधर्माचं मानणारे नव्हते. आता ते काहीतरी बोलून सगळं बिघडवणार, असं मला दिसायला लागलं. तेवढ्यात गंगूमावशी मध्ये पडली.

"उपास देवाला पोचल्याशी कारन," ती म्हणाली. "त्यो कुनाच्या पोटातनं आला, ते देव इचारतोय व्हय?"

राजव्वानं विचार केला. तिला ते पटलं. सुनेचे सगळे सोमवार तिनं आपल्याकडे घेतले, ग्रहणही घेतलं. तिचे स्वतःचे शनिवार आणि एकादश्या होत्याच. भांडण नाही, वाद नाही, पेच सुटला. डॉक्टर इतके खूश झाले की भेटेल त्याला सांगायचे, सासू असावी तर अशी. लक्ष्मव्वाचं वजन दर आठवड्याला आम्ही घ्यायचो, काटा पुढे सरकला की तिघंही हसायचो. काट्यावर चढवताना तिला हात धरून आणायची ती राजव्वा. तिच्याकडे आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. मी तर नाहीच नाही, आणि आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

* * *

दिवस भरले. सकाळचा भोंगा होऊन गेल्यावर नरसय्या अनवाणी धावत आला. डॉक्टर आणि गंगूमावशी त्याच्याबरोबर गेले. मी दवाखाना सांभाळत बसलो, म्हणजे नुसता बसलो. त्या दिवशी एका बाटलीला मी पट्टी उलटी चिकटवली, आयुष्यात पहिल्यांदा. खोकल्याच्या पेशंटला विचारलं, कळा कधीपासून येताहेत?

बाराच्या सुमाराला गंगूमावशी एकटीच परत आली. पायरीवर बसली, पाणी मागितलं, सगळा तांब्या संपवला. मग म्हणाली, "पोरगी झाली. दोगी बी धड हायत." मला रडू आलं. लपवायचं कशाला? पुरुषांची रांग समोर उभी होती आणि मी पुड्यांच्या कागदानं डोळे पुसत होतो.

महिन्याभरानं बायकांच्या रांगेत राजव्वा दिसली. एकटीच होती. तिचा नंबर आला तेव्हा डॉक्टर उठून उभे राहिले. बाळ कसं आहे, सून कशी आहे, सगळं विचारलं. बाळ दूध पितं, रात्रभर झोपतं. सून बरी आहे, चिठ्ठी अजून चालू आहे. पहिली भाकरी अजून तिचीच. घरात आता कुणी काही बोलत नाही.

मग तुम्हाला काय होतंय, डॉक्टरांनी विचारलं.

"कायबी न्हाय," राजव्वा म्हणाली. पण उठली नाही.

डॉक्टरांनी तिचं मनगट हातात घेतलं. बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकल्या. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, आणि मग दुसरीही ओढून पाहिली. मी टेबलाजवळ आलो. मलाही दिसलं, आतून पांढरीफटक. मग त्यांनी तिला तो प्रश्न विचारला, जो इतक्या महिन्यांत आम्ही तिला कधीच विचारला नव्हता. काल दिवसभरात काय खाल्लंत?

घरातल्या सगळ्यांची उत्तरं देणारी राजव्वा जमिनीकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी मला खूण केली. मी खल पुढे ओढला, साखरेची बरणी उघडली.

"पुडी नगं," राजव्वा म्हणाली. "साखर घरात हाय आमच्या. म्या पयल्याच दिशी जिबंवर ठिवून बगितली व्हती."

माझा हात बरणीतच राहिला. गंगूमावशीनं रांगेतल्या बायकांना गप्प केलं. राजव्वानं टेबलावरचा कोरा कागद उचलला आणि डॉक्टरांच्या पुढ्यात नीट सरळ करून ठेवला.

"पथ्य तेवडं लिवा," ती म्हणाली. "आन् वर नाव माजं घाला."